पुढचा उजवा खांदा

कातळखोलची वाघजाई सलग तीन शिमगे टेंपोतून फिरली, आणि टेंपोवाल्याच्या म्हणण्यानुसार तिची काही तक्रार नव्हती. तक्रार गावाची होती. टेंपो विजेवर चालणारा, नव्या धर्तीचा. मागे घेताना तो बोलायचा. गेल्या शिमग्यात ढोल टिपेला पोचले, गुलाल उडाला, बाळा गुरवानं आरोळी ठोकायला तोंड उघडलं आणि नेमका टेंपोच म्हणाला, "सावधान! वाहन मागे येत आहे. कृपया बाजूला व्हा." अख्खा गाव निमूटपणे बाजूला झाला. सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, देवी पाठमोरी चढली.

जयवंत शिगवणांना त्या दिवशी पुरणपोळी गोड लागली नाही.

कारण कातळखोलची पालखी खांद्यावर नाचायची. चार खांदे, चार घरांचे मान. मागचे दोन पाष्टे आणि गोताड, पुढचा डावा धनावडे, पुढचा उजवा शिगवण. ढोलाच्या ठेक्यावर चौघांनी डुलायचं, गुडघ्यात वाकत वाकत पालखी मातीला लागेल इतकी खाली आणायची, आणि एका ठोक्यासरशी चौघांनी एकदम वर यायचं. वाकणं कुणालाही जमतं. सगळा प्रश्न वर येण्याचा होता.

साल २०४३. गावात मुलं नव्हती, मुलांची मुलं नव्हती. तरुण मंडळाचे अध्यक्ष एकसष्ट वर्षांचे होते आणि गादीला वारस नसल्यामुळे त्यांना निवृत्त होता येत नव्हतं. मुंबईचे चाकरमानी पूर्वी शिमग्याला आठ-आठ दिवस येऊन राहत. आता एका दिवसापुरते येत, आणि त्यातलेही निम्मे मोबाइलवर दर्शन घेत. जयवंतांचं वय त्र्याहत्तर. जन्मभर एसटीत वाहतूक नियंत्रक. म्हणजे इतरांनी कुठे जायचं ते खुर्चीत बसून सांगायचं काम. ते त्यांनी इतकं मन लावून केलं होतं की पायांना फारसं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि मुलाचा फोन आला. प्रथमेश डोंबिवलीला राहायचा आणि कातळखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई याचा अध्यक्ष होता.

"बाबा, मंडळानं ठराव केलाय. स्वयंचलित पालखी घ्यायची. चार मोटारी, चार पाय. देवीला जरासुद्धा धक्का बसत नाही. सात प्रकारचे नाच आहेत तिच्यात."

"आपला कंचा?"

"आपला आठवा. तो भरून द्यायला सांगितलाय."

"आन मान?"

"मानकऱ्यांची नावं दांड्यावर कोरून मिळतात, बाबा. कायमची."

कायमचं कोरलेलं नाव जयवंतांनी आजवर फक्त बसथांब्याच्या बाकांवर पाहिलं होतं, आणि ती सगळी माणसं कै. होती. ते म्हणाले, "यंदा आमी उचलून दाखवतो. सगळी गावफेरी, खांद्यावर. उचलली तर ते यंत्र नको. नाय उचलली, तर आण तुझ्या चार मोटारी."

"आणि पडलात तर?"

"पडलो तर देवीच्या पायाशी पडंन."

"नाही बाबा," प्रथमेश शांतपणे म्हणाला. "तुम्ही पडलात तर देवी तुमच्यावर पडेल."

मुलगा वाईट नव्हता. नुसता बरोबर होता, आणि ते सहन करणं जास्त जड जातं.

मार्गशीर्षात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून डॉ. रेवा ओगले आली. वय तिशीचं, पायात ट्रेकिंगचे बूट, गाडीत खोकी. तिनं आल्याआल्या गावाचं सरासरी वय विचारलं आणि उत्तर ऐकून ती इतकी आनंदली की लोकांना जरा संशयच आला.

सहाणेवर सभा भरली. रेवा म्हणाली, "मी एक अमिनो आम्ल घेऊन आलेय."

"आम्ल म्हंजे ॲसिड?" बाबाजी धनावडे म्हणाले. पुढचा डावा खांदा त्यांचा. "आमच्याकडं घरटी फुकट हाय. जेवल्यावर येतं."

"ते नव्हे, काका. हे खायचं ॲसिड." ती हसली आणि तिनं सोपं करून सांगायला घेतलं.

आपलं मांस, म्हणजे स्नायू, प्रथिनांचे बनलेले असतात आणि प्रथिनं अमिनो आम्लांची. भिंतीला चिरे, तशी प्रथिनाला अमिनो आम्लं. त्यातली नऊ शरीराला स्वतः करता येत नाहीत, अन्नातून घ्यावी लागतात. त्या नवांत ल्युसिन नावाचं एक आहे. डाळीत असतं, अंड्यात असतं, मासळीत भरपूर. पण हे ल्युसिन नुसता चिरा नाही. ते मुकादमही आहे. रक्तात ल्युसिन वाढलं की स्नायूच्या पेशीतलं एक प्रथिन त्याची चाहूल घेतं आणि आत आवाज देतं : माल आलाय, बांधकाम काढा!

"मग आमी मासळी खातोच की," बाबाजी म्हणाले.

"खाता. पण साठीनंतर स्नायूंना ऐकायला कमी येतं."

"काय?" मागच्या रांगेतून आवाज आला.

"ऐकायला कमी येतं!" रेवा ओरडली.

"आमाला म्हाईत हाय. पुढचं बोल."

पुढचं असं होतं, की साधं ल्युसिन म्हणजे कुरिअरवाला. बेल वाजवतो आणि निघून जातो. तरुण पेशी धावत येऊन दार उघडते. म्हातारी पेशी चष्मा शोधेपर्यंत तो जिना उतरलेला असतो. रेवाच्या प्रयोगशाळेनं ल्युसिनच्या रेणूला एक छोटीशी शेपटी जोडली होती. त्या शेपटीमुळे ते चाहूल घेणाऱ्या प्रथिनाला तासन् तास चिकटून राहायचं. बेलवर बोट दाबून उभा राहिलेला कुरिअरवालाच म्हणा. दार उघडावंच लागतं. उंदरांवर ते लागू पडलं होतं. म्हातारे उंदीर दोरीला लोंबकळून राहत होते. सुरक्षिततेच्या चाचण्या पार पडल्या होत्या. आता माणसांत ताकद येते का, ते पाहायचं होतं.

"येती," जयवंत तत्क्षणी म्हणाले. "शिमग्यापर्यंत येती का येवढंच सांगा."

"तेच तर बघायचंय. मात्र निम्म्या लोकांना औषध मिळेल आणि निम्म्यांना तशीच दिसणारी तांदळाची पिठी. तुलनेसाठी."

सहाणेवरच्या माना एकमेकांकडे वळल्या. शेवटी पाष्टे म्हणाले, "पिठी कुणाला?"

"ते मलाही माहीत नाही. संगणकानं ठरवलंय. कळलं तर प्रयोगच बिघडतो."

आपण कुणाला काय देतोय हे ठाऊक नसलेले डॉक्टर कातळखोलनं पूर्वीही पाहिले होते, पण तसं तोंडानं कबूल करणारी ही पहिलीच. लोकांना तिच्याबद्दल आदर वाटला. सगळ्यांनी सह्या केल्या, प्रत्येकानं आपल्या नावाचं पुड्यांचं खोकं घेतलं, आणि रेवा तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत परत गेली. महिन्यातून एकदा येऊन रक्त घेणार होती; आकडे आणि कुणाला काय मिळालं ते मात्र शेवटी एकदम उघडणार होतं.

तिची गाडी वळणाआड गेली आणि गाव कामाला लागला.

कातळखोलमध्ये आलेली वस्तू वाटून घेतात. राखणीचा कोंबडा असो, नदीत सापडलेला मोठा मासा असो, नाहीतर कुणा चाकरमान्यानं आणलेला मिठाईचा खोका. सहाणेवर केळीच्या पानावर घरटी सारखे वाटे पडतात, आणि एक वाटा देवीचा. एकाला खरं आणि दुसऱ्याला पिठी, असला दुजाभाव गावात पूर्वी एकदा झाला होता. त्याची केस अजून रत्नागिरीला चालू होती.

लग्नातलं मोठं पातेलं आलं. सगळ्या पुड्या त्यात रिकाम्या झाल्या. जयवंतांनी डावानं ते पांढरं पीठ चांगलं ढवळलं.

"अवो, हे बरं नाय दिसत," त्यांची बायको सुगंधा म्हणाली. "त्या पोरीला सांगा तरी."

"अगो, कुणाला काय दिलंय ते तिलाच ठावं नाय. मंग तिला सांगून काय उपेग?"

 सुगंधा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. वाटे पडले. देवीचा वाटा नेहमीप्रमाणे बाळा गुरवाकडे गेला. त्यामुळे गावात सगळ्यांना अर्धी मात्रा आणि गुरवाला पूर्ण, अशी व्यवस्था आपोआप झाली.

मग जयवंतांनी आपला सिद्धांत मांडला. गाडी डेपोत उभी असेपर्यंत डिझेल जळत नाही. पुडीतून आलेली ताकद चालण्या-वाकण्यात घालवली तर शिमग्याला उरणार काय? म्हणून औषध चालू असेपर्यंत माणसानं पडून राहावं. पुरुषमंडळींना हा विचार एकदम पटला. तरुण मंडळाचे अध्यक्ष तर त्याच दुपारपासून पटवून घ्यायला आडवे झाले. पाष्टे, गोताड आणि बाबाजी यांनाही तो तत्त्वतः मान्य होता. पण पाष्ट्यांचा दगडी गडगा पडलेला होता आणि तो रचेपर्यंत गुरं आत शिरत राहणार होती. गोताडाच्या नळाला पाणी चढत नव्हतं, ते विहिरीवरून आणावं लागत होतं. बाबाजीकडे दोन म्हशी होत्या, त्यांनी हा सिद्धांत ऐकला नव्हता.

जयवंत मात्र ओटीवर चटई टाकून निष्ठेनं ताकद साठवू लागले. पाण्याचा तांब्यासुद्धा सुगंधानं आणून द्यायचा.

"तू पण वाईच पडत जा गो. फुकट चाललीय तुजी ताकद."

"आन म्हशीला कोण सांगंल, तुमी? सांगा, मी पडते." आणि ती गवताचा भारा आणायला डोंगराकडे चालू लागली. सकाळी शेण, मग भारा, मग लाकडं, दुपारी परसातल्या माडांना घागरीनं पाणी. मधूनच चिमूटभर पुडी तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायची. लक्षात राहिलं तर.

माघ संपता संपता रेवा यंत्रं घेऊन आली. पहिली परीक्षा सोपी होती. खुर्चीत बसायचं, हात छातीशी बांधायचे आणि हात न टेकता पाच वेळा उठायचं. किती वेळ लागतो ते मोजायचं.

जयवंत पहिल्याच नावाला पुढे झाले. तीन महिन्यांची साठवण त्यांनी मनातल्या मनात पायांकडे सोडली. पाय म्हणाले, कोण? ते अर्धे उठले, हवेत थांबले आणि परत बसले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा खुर्चीच मागे सरकली.

"खुर्ची बदला," ते म्हणाले.

खुर्ची बदलली. सुगंधा बसली, आणि ती उठबस करायला लागली तेव्हा रेवाला आधी वाटलं की बाई चेष्टा करतेय. "थांबा काकू, पाच झाल्या. काकू, झालं!" गावातल्या बाया एकामागून एक आल्या आणि कुकरच्या शिट्ट्यांसारख्या उठून गेल्या. पाष्टे, गोताड, बाबाजीही उठले. बाकीचे पुरुष खुर्चीत छान दिसत होते.

संध्याकाळी रेवा शिगवणांच्या ओटीवर रक्ताचे आकडे पाहत बसली. बराच वेळ पाहिल्यावर तिनं लॅपटॉप बंद केला, परत उघडला.

"काका," ती म्हणाली, "पिठी खाणाऱ्या निम्म्या गावाच्या रक्तात औषध आहे. आणि औषध खाणाऱ्यांच्या रक्तात ते अर्धंच आहे. असं जगात कुठेही झालेलं नाही."

जयवंतांना अभिमान वाटला. "आमी वाटून घेतलं."

"काय घेतलं?"

"वाटून. पातेल्यात. येकदम सारखं, बगा. चमचाभर इकडं तिकडं नाय."

 रेवाचा चेहरा पाहून जयवंतांना पहिल्यांदा शंका आली की वाटून घेणं जगात सगळीकडे चांगलं मानत नसावेत. सुगंधानं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की ते चटईसकट थोडे मागे सरकले.

"दोन वर्षं," रेवा अखेर म्हणाली. "दोन वर्षं हा प्रयोग मंजूर व्हायला लागली. तुम्ही सही केली होतीत, काका."

"केली होती," जयवंत हळूच म्हणाले. "आमचं चुकलं, पोरी."

ती हसली नाही, पण गेलीही नाही. कोकम सरबत प्यायली आणि पुन्हा आकड्यांकडे वळली. आणि मग तिच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"थांबा. हे एक नाव... बाळकृष्ण गुरव. यांच्या रक्तात बाकीच्यांच्या दुप्पट आहे. आणि गावात सगळ्यांत कमी ताकद यांचीच!"

"तो देवीचा वाटा पण खातो," सुगंधा म्हणाली. "आन खाऊन देवळात निजतो."

"आणि तुम्ही, काकू? तुम्ही दिवसभर काय करता?"

सुगंधानं सांगितलं. शेण, भारा, लाकडं, घागरी. रेवा तिच्याकडे बघतच राहिली. मग ती एकदम उभी राहून ओटीवर फेऱ्या मारायला लागली.

औषध स्नायूचा बहिरेपणा घालवतं. पण ऐकू यायला लागलेल्या माणसाशी कुणी बोलायलाही हवं. वजन उचललं, चढण चढली, वाकून वर आलं, की स्नायूवर ताण पडतो, आणि हा ताण म्हणजेच बोलणं : इथं भिंत कमी पडतेय, इथं बांधा. औषधानं दार उघडून बसलेल्या पेशीला काहीच निरोप आला नाही, तर ती दार लावून घेते. सगळ्यांना सारखीच मात्रा मिळाली होती. फरक एकच होता, कोण राबलं आणि कोण आडवं झालं. गुरवानं दुप्पट खाऊन पक्का पुरावा दिला होता.

"तुलनेचा प्रयोग बुडाला, तो बुडालाच," ती म्हणाली. "मी तसं कळवणार. पण आता पुढचा प्रयोग कसा करायचा ते मला कळलंय."

"म्हंजे मी साठवली ती ताकद..." जयवंतांनी विचारलं.

"आलीच नव्हती, काका."

दुसऱ्या दिवसापासून जयवंत भल्या पहाटे घागर घेऊन निघाले. पहिल्या घागरीतलं पाणी माडापेक्षा त्यांच्या धोतराला जास्त मिळालं. पण आठवड्याभरात फरक दिसू लागला. दुसऱ्या आठवड्यात ते खुर्चीतून उठले. एकदाच, पण पूर्ण. तीन महिने निरोपाची वाट बघणाऱ्या पेशींना अखेर कुणीतरी हाक मारली होती. ओटीच्या पायऱ्या ते कठड्याला न धरता चढू लागले. एरवी या गोष्टीचा त्यांनी गावजेवण घालून आनंद केला असता. पण शिमगा तोंडावर आला होता.

देवळामागच्या खळ्यात तालीम ठरली. पालखीत देवीच्या जागी तांदळाची पोती. चौघे खांद्याखाली शिरले, डुलले, वाकले. ढोलावर टिपरी पडली. तीन कोपरे वर आले. चौथा आला नाही. पालखी तिरकी झाली आणि वरचं पोतं डंपरमधून ओतावं तसं जयवंतांच्या पायाशी घसरलं.

"परत," जयवंत म्हणाले.

परत तेच झालं. तिसऱ्या वेळी ते खालीच अडकले. ना वर येता येईना, ना दांडा सोडता येईना.

सुगंधा गवताचा भारा घेऊन वाटेनं चालली होती. तिनं भारा टाकला, धावत आली, नवऱ्याला बाजूला सारून दांड्याखाली खांदा घातला. तिला फक्त त्यांच्यावरचं वजन काढायचं होतं. पण ढोलवाल्याच्या हाताला सवय. त्यानं ठोका दिला. चारही कोपरे एकदम वर आले, सरळ, पाण्यानं भरलेली परात उचलावी तसे.

 सुगंधानं आपला कोपरा खाली टेकवला, पदर सारखा केला, भारा डोक्यावर घेतला आणि गेली.

त्या दिवशी जयवंत जेवायला बसले तेव्हा तिनं भाकरी वाढली आणि समोर बसली. कातळखोलमध्ये पालखीला बाईचा खांदा कधी लागला नव्हता. कुणी मनाई केली होती असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

"तुला जमंल?" जयवंत म्हणाले.

"जमतं का नाय ते सगळ्यांनी बघितलं. मला पायजे का, ते इचारा."

जयवंतांनी घास ताटात ठेवला. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. आपण हिला हा प्रश्न कशाबद्दलच विचारलेला नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. "पायजे का?"

सुगंधानं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "लगीन होऊन आले तवापासनं पालखी आपल्या अंगणात येते नि जाते. कुठं जाते, कशी जाते, मी बघितलंच नाय. घरात पावणे, चुलीवर पुरण. मला येकदा तिच्यासंगं सगळा गाव फिरायचाय." मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "पण तुमचा मान तुमाला कसा हाय, ते मला म्हाईत हाय. तुमी नको म्हणलात तर मी बोलायची नाय."

तिनं तसं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं जयवंतांना वाटलं. भांडली असती तर नको म्हणता आलं असतं. बापानं दिलेला खांदा. आजानं बापाला दिलेला. ते अर्ध्या भाकरीवरून उठले आणि देवीलाच विचारू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. बाळा गुरवानं देवीच्या अंगावर उजवीकडे, डावीकडे ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यानं गाऱ्हाणं घातलं : "आये वाघजाये, आज ही तुजी लेकरं तुज्या पायाशी जमलीत..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

"शिगवणाची सून तुला खांदा देऊ बघते, आये. तिनं डाक्टरीणबायची पुडी खाल्लीय, त्यात अर्धी पिठी होती, त्याची माफी कर..."

"व्हय म्हाराजा!"

"...आन कुणी तुजा वाटा खाल्ला असंल, तर त्याला पण सांभाळून घे!"

"व्हय म्हाराजा," या वेळी गाव जरा कमी जोरात म्हणाला.

उजवी कळी पडली नाही. डावीही पडली नाही. दुपार टळली. लोक जेवून आले, गुरव एक डुलकी काढून आला, कळ्या सुकल्या तरी दोन्ही जागच्या जागी.

"देवीनं आपल्यावर सोडलंय," बाबाजी धनावडे म्हणाले, "आन आपल्यात तर कदीच ठरत नाय. मी सांगतो, मान पुरुषाचा. आजवर कंच्या बाईनं खांदा दिलाय?"

"आत बसलीय ती कोण हाय?" मागून सुगंधा म्हणाली. बायांच्या घोळक्यात खसखस पिकली.

जयवंत खांबाला धरून उठू लागले. मग त्यांनी खांब सोडला आणि नुसते उठले. "बाबाजी, मान पुरुषाचा नाय. मान घराचा. देवस्थानच्या कोर्टातल्या सगळ्या केशींत काय लिवलंय? शिगवण घर, पुढचा उजवा. जयवंताचं नाव कुठं हाय? माज्या बापाचं कुठं हाय? घराचा खांदा घरानं द्यायचा. घरात कुणी उचलायचं ते घर बघंल. आन आमच्या घरात..." त्यांनी मागे सुगंधाकडे पाहिलं. "आमच्या घरात वजन उचलायला ती हाय. पयल्यापासनं तीच हाय."

कोर्टातलं वाक्य निघाल्यावर कातळखोलमध्ये कुणी उलट बोलत नाही. बाबाजींनी बराच विचार केला.

"म्हंजे उद्या मी मेलो तर माजी सून?"

"तुमच्या सुनेला पुडी सुरू करायची का, ते डाक्टरीणबाईला इचारा."

शिमग्याच्या दिवशी सकाळीच प्रथमेश ट्रक घेऊन हजर झाला. वडिलांवर विश्वास नव्हता असं नाही, पण नोंदणी रद्द करायची मुदत टळून गेली होती. स्वयंचलित पालखी आंब्याखाली उतरवली. तिनं आपण होऊन पाय उघडले, "मी नृत्यास तयार आहे" असं जाहीर केलं आणि रिकामीच पहिला प्रकार नाचू लागली. ती थांबवायची कशी हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होतं, आणि ते पान डोंबिवलीला राहिलं होतं.

सहाणेवर ढोल सुरू झाले. पाष्टे, गोताड, धनावडे पुढे आले. मग नऊवारीचा काष्टा मारून, खांद्यावर घडी केलेलं घोंगडं टाकून सुगंधा आली.

"बाबा," प्रथमेश म्हणाला, "आई काय करतेय?"

"नीट बग. मला पण नीट बगायचंय."

पालखी उठली. डुलली. चौघं वाकत गेले, आणखी वाकले, पालखीचा गोंडा मातीला टेकला.  ठोका पडला. वाघजाई वर आली, आणि पुढचा उजवा कोपरा तसूभर आधीच आला.

प्रथमेशच्या तोंडून आवाज फुटला तो अध्यक्षाचा नव्हता. तो पोराचा होता. "आयेऽऽ!" गुलालात लाल झालेला तो गर्दीत घुसला, आईजवळ पोचला आणि म्हणाला, "आई, थोडा वेळ मी घेतो." त्यानं खांदा घातला. दहा पावलांत तो वाकडा झाला, वीस पावलांत त्याचा श्वास फुलला.

"सोड रे बाबा," सुगंधा म्हणाली. "उगाच लचकशील."

तो धापा टाकत बाजूला झाला. रेवा तिथेच उभी होती. "डॉक्टर, ती पुडी..."

"साठी पूर्ण लागते," रेवा म्हणाली. "तोपर्यंत घागर घ्या. त्याला सही लागत नाही."

पालखी घरोघर फिरली. खालची वाडी, मधली वाडी, नदीकाठचं एकटं घर. प्रत्येक अंगणात ती वाकली आणि प्रत्येक अंगणातून वर आली. सुगंधा सगळं बघत होती. कुणाच्या दारात नवा माड लागलाय, कुणाची पडवी पडलीय, नदीवरून गाव केवढासा दिसतो. ऊन कलताना पालखी शिगवणांच्या अंगणात शिरली आणि थांबली.

आणि तशीच थांबून राहिली.

कारण देवी अंगणात आली की घरच्या बाईनं कळशी घेऊन पुढं व्हायचं, खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालून ते धुवायचे, कुंकू लावायचं. त्याशिवाय पालखी पुढचं पाऊल टाकत नाही. आणि घरची बाई दांड्याखाली होती. ढोल थंडावले. सगळ्या गावानं दाराकडे पाहिलं, दारात कुणी नव्हतं. मग सगळ्यांनी जयवंतांकडे पाहिलं.

जयवंत घरात गेले. आत भांड्यांचा मोठा आवाज झाला, कारण कळशी कुठे असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. अखेर ते बाहेर आले. एका हातात कळशी, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा. त्यांनी पाष्ट्यांचे पाय धुतले. गोताडाचे धुतले. बाबाजी धनावड्यांचे धुतले. तेव्हा बाबाजी आभाळात काहीतरी शोधत होते. मग ते सुगंधापुढे आले आणि उकिडवे बसले.

 तिच्या पायांना गुलाल, धूळ आणि नदीकाठची माती लागली होती. त्यांनी हळूहळू पाणी ओतलं, हातानं बोटांमधली माती काढली, घोटे धुतले, कुंकू लावलं. त्यांच्या चष्म्यावर कसलंतरी पाणी आलं, ते कळशीतलं नसावं.

वर, दांड्याखालून, सुगंधा हळूच म्हणाली, "अवो."

"काय गो?"

"टाच ऱ्हायली."

जयवंतांनी टाच धुतली. दुसरीही धुतली. ढोलवाल्यानं टिपरी उचलली, आणि ठोका पडायच्या आत कळशी सांभाळत ते उठून बाजूला झाले, कारण देवीला पुढं जायचं होतं.